वाचक विचारतात : भक्तपूरच्या भिंती, घरे आणि न्यातपोल

प्रश्न : नेपाळमधल्या भक्तपूरला जुन्या इमारतींच्या दर्शनी विटांमध्ये दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, दिसतच नाहीत. हे बांधकाम कोरडे आहे का? आणि २०१५च्या भूकंपात काही घरे पडली, काही उभी राहिली, ती कशामुळे?

उत्तर : कोरडे नाही, चिखलातले आहे. नेवार, म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या मूळ समाजाचे, कारागीर दर्शनी भागाला ‘दाची अपा’ वापरतात. अपा म्हणजे वीट. ही वीट मागच्या बाजूला निमुळती असते. समोरच्या कडा एकमेकींना भिडतात आणि चिखल मागच्या पाचरीसारख्या फटीत राहतो, म्हणून पाऊस मातीला सहजी धुऊन नेत नाही. विटांची माती इथलीच. काठमांडू खोरे म्हणजे एका प्राचीन सरोवराचा तळ.

जाड दिसणारी भिंत मात्र एकसंध नसते. बाहेर भाजलेली वीट, आत कच्ची, मध्ये तुकडे आणि माती. या थरांना जोडणाऱ्या आडव्या विटा कमी असल्या की बाहेरचा थर फुगतो आणि धक्क्यासरशी सुटतो. दुसरी मेख ‘चुकुल’, म्हणजे लाकडी खुंटी. मजल्याच्या कड्या, म्हणजे लाकडी तुळया, भिंतीवरून सरकू नयेत म्हणून ती ठोकतात. चुकुल कुजली किंवा मुळात घातलीच नाही, तर भिंत आणि मजला वेगवेगळे हलतात.

कुजणे सुरू होते छपरापासून. ‘झिंगटी’ ही छोटी कौले मातीच्या थरावर बसवतात. त्या मातीत गवत, पिंपळ रुजतो, कौल उचलले जाते, पाणी कड्यांच्या टोकांत मुरते. रोपे कोवळी असतानाच मुळासकट काढणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित दुरुस्ती. सिमेंटने दर्जा भरणे तर घातकच: ओल आत कोंडते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. चिखलातली वीट साबूत निघते, पुन्हा वापरता येते. सिमेंटमधली बहुधा फुटते.

प्रश्न : नेवार घरात स्वयंपाकघर सर्वांत वर का?

उत्तर : धूर छपरातून निघून जातो, आणि परक्याची पावले चुलीपर्यंत पोहोचत नाहीत. हे दुसरे कारण सोवळ्याचे. तळमजला, छेली, दमट. तिथे दुकान किंवा साठवण. त्यावर मातं हा झोपण्याचा मजला, मग च्वता ही बैठक आणि छपराखाली बैग, म्हणजे चूल. घरे अशी मजल्यावर मजला चढली, कारण पूर्वी गाव टेकाडावर दाटीने, उंच वसले आणि हनुमंते नदीकाठची सुपीक शेते मोकळी राहिली.

प्रश्न : न्यातपोल मंदिर किती जुने?

उत्तर : राजा भूपतींद्र मल्लांनी १७०२मध्ये बांधले. पाच जोती, पाच छपरे. १९३४च्या भूकंपात वरच्या भागाला इजा झाली, २०१५मध्येही ते उभे राहिले. जवळच्याच दरबार परिसरातले वत्सला दुर्गेचे दगडी मंदिर मात्र २०१५मध्ये कोसळले. ते नंतर पुन्हा उभारले.