आभार मानते, तरी मन शांत का होईना?

माझ्याकडे मन मोकळं करायला येणाऱ्या ख्रिस्ती बायकांचा, अन् आजकाल पुरुषांचाही, एक प्रश्न ठरलेला असतो, की रोज प्रार्थना करते, आभार मानते, तरी छातीवरचं ओझं उतरत नाही, म्हणजे माझा विश्वासच कमी पडतोय का? जालन्याच्या एका ताईंचं सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई नर्स, बहुतेक नाईट ड्युटी. सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मुलगी नीटच्या क्लाससाठी लातूरला, तिची फी, अन् नवऱ्याचं सोयाबीन ऐन काढणीत पावसात भिजून काळं पडलेलं. वरून रविवारी चर्चमधलं संडेस्कूल, म्हणजे पोरांना बायबल शिकवणं, तेही यांच्याच गळ्यात, कारण नाही म्हणायची सवयच नाही. उपासनेनंतर कुणाजवळ मन मोकळं करायला जावं तर एकच उत्तर, 'देवाचे आभार मान, सगळं नीट होतं बघ.' मग ताईंनी एक वही केली, रोज दहा आभार. दुसऱ्या पानापासून तेच ते, घर आहे, नोकरी आहे, तब्येत आहे. वही माझ्यापुढं सरकवत म्हणाल्या, "मॅडम, हे लिहिताना रडू येतं अन् रागही येतो, देवाशी खोटं बोलल्यावानी वाटतं."

मला तो राग योग्यच वाटला, खरं सांगायचं तर. मी त्यांना बायबलमधलं 13 वं स्तोत्र वाचायला लावलं, सहाच ओव्या आहेत. सुरुवातीलाच दावीद राजा देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? तू मला विसरलास का, म्हणून सरळ तक्रार करतो, अन् शेवटच्या ओवीत तोच माणूस गातो. तक्रार गाळून डायरेक्ट गाण्यावर उडी मारली नाही त्यानं. म्हटलं, ताई, आधी देवाशी भांडून घ्या, वहीच्या डाव्या पानावर जे सलतंय ते लिहा, उजव्या पानावर एकच आभार, पण आजचाच, अन् ज्यात माणूस किंवा वस्तू डोळ्यासमोर दिसेल असा.

मग जेवता कधी, झोपता कधी ते विचारलं. उभ्या उभ्या चहा-पाव, झोप तुटक तुटक. बायबलमधली एलीयाची गोष्ट ताई संडेस्कूलच्या मुलांना शिकवतात, तीच मी त्यांना ऐकवली, झुडपाखाली बसून मरण मागणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवदूतानं उपदेश केला नाही, भाकर अन् पाणी दिलं, तो झोपला, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं. ताई हसल्या, "हे मी पोरांना कितींदा सांगितलं असेल!"

पुढच्या भेटीत उजवी पानं वेगळी होती. 'नळाला पाणी आलं, दोन्ही टाक्या भरल्या.' 'शेजारच्या काकूंनी धपाटे अन् दही पाठवलं.' 'आज सासूबाई माझ्यावर खेकसल्या नाहीत.' हे शेवटचं वाचून दोघी खूप हसलो.

पण नुसत्या वहीनं भागणार नव्हतं. चिंता करू नका, आभार मानत मागणं देवाला कळवा, मग शांती मिळेल, हे बायबलमधलं प्रेषित पौलाचं वचन ताईंना तोंडपाठ. पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात ते आहे, अन् त्याच अध्यायात थोडं खाली पौल कैदेतून त्या मंडळीचे आभार मानतो, कारण त्यांनी एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती त्याला मदत पाठवली होती. म्हणजे शांतीबद्दल लिहिणाऱ्यानं माणसांची मदतही घेतली होती, हे आपल्याकडं कुणी फारसं सांगत नाही. ताईंनी मंडळीत मदत कधी मागितलीच नव्हती. "मागितली तर लोक काय म्हणतील?" असं करत करत शेवटी ताई चर्चच्या पाळकसाहेबांच्या मिसेसशी बोलल्या, तर महिला मंडळातल्या दोघींनी डायलिसिसची एक पाळी उचलली अन् संडेस्कूल एका कॉलेजच्या मुलीनं घेतलं.

पैशाची ओढाताण अजून आहे, सोयाबीन गेलं ते गेलंच. पण ताई आता ड्युटीवरून आल्यावर आधी जेवतात, मग झोपतात.

एक मात्र आहे, दोन आठवडे झोप-भूक गेलेली असेल किंवा जगणंच नको वाटत असेल तर वहीवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 हा सरकारी नंबर फ्री आहे, कधीही लावता येतो, मराठीत बोलता येतं, अन् गोळी सुरू झाली म्हणून प्रार्थना बंद करावी लागत नाही.