टोमॅटो बेडूक पाळताय? आधी मे महिना आठवा

भाऊ, अभिनंदन! पण काचेची पेटी सजवण्याआधी उन्हाळ्याचं बघा. हा प्राणी मादागास्करच्या दमट सखल भागातला, आपल्या जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत टिकणारा नव्हे. त्याला २० ते २६ अंश मानवतात, ३० च्या वर जीव धोक्यात. पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत, जमिनीलगत ठेवा. नुसत्या कूलरवर मे निघत नाही, एसी लागतोच. नसेल, तर खरंच विचार करा.

खाली चार-पाच इंच ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, खत न मिसळलेलं. मुठीत दाबलं तर थेंब गळू नये. दिवसभर तो त्यात डोळ्यांपर्यंत रुतून बसतो. आजारी समजून उकरू नका! मीही पहिल्या आठवड्यात उकरला होता. बोटांना पांढरा डिंकासारखा चिकटा लागला, साबणानेही लवकर निघेना. घाबरला की तो हेच सोडतो, आणि त्याने त्वचेची आग होऊ शकते. म्हणून हाताळणं कमीच.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:
- नळाचं क्लोरीनवालं पाणी थेट देणं. क्लोरीन काढणारे थेंब टाका, उथळ भांड्यातलं पाणी रोज बदला.
- केळीच्या किंवा कपाशीच्या शेतातले किडे आणणं. फवारणीचं विष पोटात जातं. पाळलेले रातकिडेच, कॅल्शियमची पूड लावून. मोठ्याला दोन-तीन दिवसांआड.

घेताना कागदपत्रं मागा. ही प्रजाती साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

प्रजनन वगैरे पुढच्या वर्षी बोलू.