वाचकांचे प्रश्न : कॉलेजची फी, शासनाच्या योजना आणि प्रवेशाची वाट

उच्च शिक्षणाच्या खर्चाविषयी कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची अडीच एकर ऊसशेती आहे. थोरल्या मुलीने बारावीनंतर एमएचटी-सीईटी दिली असून तिला अभियांत्रिकीला जायचे आहे. आमचा प्रवर्ग एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग). मुलींचे शिक्षण मोफत झाले असे गावात सगळेच सांगतात. परंतु एका महाविद्यालयात चौकशीला गेलो, तेव्हा ‘या जागेला ती सवलत लागू नाही’ असे सांगून पूर्ण फीचा तक्ता हातात ठेवण्यात आला. आमच्याकडे पैसा येतो तो कारखान्याचे बिल निघाल्यावरच. शिवाय धाकट्या मुलाला दहावीनंतर डिप्लोमाला घालायचा विचार आहे. खरे काय समजावे?
— एक शेतकरी पालक, कागल तालुका

उत्तर : गावात सांगतात ते आणि महाविद्यालयाने सांगितले ते, दोन्ही खरे असू शकते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे अशा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात पूर्वीच्या ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के सवलत मिळते. ही तरतूद २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून लागू आहे. मात्र तिला एक अट आहे, आणि आपल्या पत्रातील गोंधळाचे मूळ बहुधा त्या अटीत असावे : प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला मुले ‘कॅप राऊंड’ म्हणतात त्यातून, झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातील किंवा संस्था स्तरावरील, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या, जागेवर प्रवेश घेतलेल्या मुलीला, तिचे गुण आणि घरची परिस्थिती काहीही असली तरी, ही सवलत मिळत नाही. एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन मुलींपैकी एकीची शिक्षण फी शासन भरते आणि दुसरीच्या वडिलांना ती पूर्ण भरावी लागते, असे त्यामुळे घडू शकते. अभिमत आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही या योजनेच्या बाहेर आहेत. आपल्या जिल्ह्यात दोन्ही प्रकारची विद्यापीठे असल्यामुळे, पसंतीक्रम भरण्यापूर्वी संस्था कोणत्या प्रकारची आहे हे नीट पाहून घ्यावे.

म्हणून माझा आग्रह असा, की फीचा विचार प्रवेशानंतर नव्हे तर पसंतीक्रम भरताना करावा. ‘जागा जाईल, आजच पैसे भरा’ या घाईत संस्था स्तरावरील जागा पक्की करणारे पालक चार वर्षांची सवलत एका दुपारी गमावून बसतात. कॅपमधून मिळालेले दुसऱ्या पसंतीचे महाविद्यालय आणि कॅपबाहेरून मिळणारे पहिल्या पसंतीचे महाविद्यालय यांची तुलना चार वर्षांची एकूण रक्कम कागदावर मांडूनच करावी.

‘मोफत’ या शब्दाबाबतही सावध राहावे. सवलत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांपुरती आहे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, पुस्तके आणि प्रवास हा खर्च आपल्यालाच करावा लागेल. विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते. तेव्हा महाविद्यालयाकडून मंजूर शुल्काचा तपशील घटकवार मागावा आणि त्यातील कोणती रक्कम सवलतीत बसते हे लेखी विचारावे. असे विचारणे हा उद्धटपणा नाही.

कारखान्याचे बिल आणि शासनाची रक्कम या दोहोंच्याही तारखा आपल्या हातात नसतात. त्यामुळे कागदपत्रांचे काम तरी आधी उरकावे : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर (मागास प्रवर्गातील उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र) आणि जात वैधता (जातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी). यांपैकी जात वैधतेला सर्वाधिक वेळ लागतो. तो अर्ज निकालाची वाट न पाहता करायला हवा. मुलीच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे बँकेत जाऊनच विचारावे. खात्याला आधार क्रमांक नोंदवणे आणि शासनाचे अनुदान त्याच खात्यात यावे अशी जोडणी असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि अनेकांचे पैसे या दुसऱ्या बाबीपाशी अडतात. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्याने, म्हणजे नूतनीकरण म्हणून, भरावा लागतो. पहिल्या वर्षी भरला म्हणजे संपले असे समजू नये.

धाकट्या मुलाला कॅपमधून डिप्लोमाचा प्रवेश मिळाल्यास, उत्पन्नाच्या याच मर्यादेत राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून त्याची निम्मी शिक्षण फी मिळू शकते. ही योजना एका कुटुंबातील दोन अपत्यांपुरती आहे, आणि आपली अपत्ये दोनच दिसतात.

प्रश्न : मुलगा बारावी विज्ञान चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला आहे. त्याला अभियांत्रिकी नको, कोल्हापुरात राहून बीएस्सी करायची आहे. फी परवडेल, पण राहण्या-खाण्याचा खर्च झेपणार नाही. सगळ्या योजना इंजिनिअर होणाऱ्यांसाठीच आहेत का?
— एक वाचक, चंदगड

उत्तर : आपली तक्रार बरीचशी रास्त आहे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी आहे, परंतु तिचा रोख व्यावसायिक अभ्यासक्रमांकडेच आहे. तरीही आपल्या मुलासाठी केंद्र शासनाची एक योजना आहे, जिच्याकडे पालकांचे फारसे लक्ष जात नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरील महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्रीय क्षेत्र योजनेत, बारावीला आपल्या मंडळाच्या संबंधित शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या नियमित विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो. पदवीच्या तीन वर्षांत दरसाल १२,००० रुपये आणि पदव्युत्तर शिक्षणात दरसाल २०,००० रुपये मिळतात. येथे पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे. त्या शाखेतील शंभरांपैकी ऐंशी मुलांच्या पुढे असणे, असा त्याचा अर्थ आहे. त्यामुळे टक्के कमी वाटले म्हणून आपणच अर्ज सोडून देऊ नये.

महिन्याला हजार रुपयांत मेस भागणार नाही, हे खरेच. राहण्याचा प्रश्न मात्र कोल्हापुरात इतर शहरांपेक्षा सोपा आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगे उभारण्यास जागा आणि पैसा दिला. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. या परंपरेतील बोर्डिंगांत आजही बाहेरगावची मुले राहून शिकतात. ही माहिती कोणत्याही पोर्टलवर एकत्र मिळत नाही, त्यामुळे प्रवेश निश्चित होताच प्रत्यक्ष जाऊन चौकशी करावी. पुढे मुलगा शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला गेला, तर तेथील ‘कमवा आणि शिका’ योजनेचाही विचार करता येईल. मुलगा अनुसूचित जातीचा असल्यास, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आपण प्रवर्ग कळवलेला नाही, म्हणून एवढेच.

प्रश्न : मुलाला केंद्र सरकारच्या एका नामवंत तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळाला आहे. माझे गुजरीत लहान दुकान असून वार्षिक उत्पन्न सात लाखांच्या आसपास आहे. नातेवाईक म्हणतात, बँकेच्या नादी न लागता घर पतसंस्थेकडे तारण ठेवून मोकळे व्हा. आपले मत काय?
— एक व्यावसायिक, कोल्हापूर शहर

उत्तर : घर तारण ठेवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, निवडलेल्या दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदार यांशिवाय शैक्षणिक कर्ज मिळते, आणि केंद्र सरकारच्या सर्व उच्च शिक्षण संस्था या यादीत येतात. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची ७५ टक्के पतहमी, म्हणजे कर्ज थकल्यास बँकेला तेवढ्या भरपाईची हमी, असते. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आणि इतर सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत न घेणाऱ्या विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात, व्याजात ३ टक्के सवलत आहे. हा लाभ दरवर्षी १ लाख विद्यार्थ्यांपुरता असल्यामुळे तो गृहीत धरून हिशेब मांडू नये.

शैक्षणिक कर्जाचे हप्ते सहसा अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होतात. पतसंस्थेचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होईल, आणि तोही दुकानाच्या गल्ल्यातून द्यावा लागेल. कर्ज फेडणारा जुन्या पद्धतीने प्राप्तिकर भरत असेल, तर कलम ८०ई नुसार शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते. घर तारण ठेवून काढलेल्या साध्या कर्जाला ती मिळत नाही. शक्य असल्यास शिक्षण चालू असतानाच थोडे थोडे व्याज भरत राहावे, म्हणजे मुलावर नंतर भार कमी पडेल.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही तृतीय श्रेणी कर्मचारी आहोत. मुलाला ओबीसीचे नॉन-क्रीमीलेअर मिळाले, पण फी सवलतीचा अर्ज उत्पन्न जास्त म्हणून फेटाळला गेला. मर्यादा दोन्हीकडे ८ लाखांचीच आहे ना?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आकडा एकच असला तरी मोजण्याची रीत वेगळी आहे. नॉन-क्रीमीलेअरच्या उत्पन्न चाचणीत पगार आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. शिष्यवृत्तीसाठी मात्र कुटुंबाचे सर्व मार्गांनी येणारे उत्पन्न मोजले जाते. आपला मुलगा आरक्षित जागेस पात्र आहे, फी सवलतीस नाही. दाखल्यात उत्पन्न कमी दाखवून देणारा कोणी भेटला, तर त्याच्या वाटेला जाऊ नये. खोट्या दाखल्यावर घेतलेली रक्कम वसूल होते आणि प्रवेशही धोक्यात येतो.