वाचकांचे प्रश्न : बांधलेलं इंजिन नवं धरायचं का?

प्रश्न : आमच्या डिझेल गाडीचं इंजिन मेकॅनिकनं पूर्ण खोलून बांधलं आणि 'आता नवंच समजा' म्हणाला. मुलगा इथे फ्लाइंग क्लबमध्ये शिकतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे विमानाचं वापरलेलं इंजिनही 'झीरो टाइम' (चाललेले तास शून्य धरून) होऊन येतं. मग आमचं नवं का नाही? – एक वाचक, इंदूर

उत्तर : विमानात हे बांधणाऱ्याच्या शब्दावर ठरत नाही. अमेरिकी नियमांप्रमाणे तास शून्य करण्याचा अधिकार फक्त इंजिनाच्या निर्मात्याला किंवा त्यानं मान्यता दिलेल्या संस्थेला आहे. आतला क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वर-खाली हालचालीनं फिरणारा दांडा) जुना असू शकतो, पण प्रत्येक भाग नव्या भागाच्या मापात किंवा मंजूर ओव्हरसाइज-अंडरसाइजमध्ये (ठरवून दिलेल्या मोठ्या-लहान मापात) बसावाच लागतो. मगच कोरं लॉगबुक मिळतं. तरी त्याला 'रीबिल्ट' म्हणतात. नवं म्हणजे आधी कधीच न चाललेलं. साध्या ओव्हरहॉलमध्ये (खोलून केलेल्या दुरुस्तीत) झिजेची सर्व्हिस लिमिट, म्हणजे वापरात चालणाऱ्या झिजेची मर्यादा, पुरते, जुने एकूण तास पुसले जात नाहीत आणि ओव्हरहॉलनंतरचे तास वेगळे मोजतात.

रस्त्यावरच्या गाडीला असं बंधन नाही. नुसत्या रिंगा-बेअरिंग बदलूनही 'नवं' म्हणतात. म्हणून बिलावर मापं लिहून घ्या : बोअर (सिलिंडरचं भोक) किती ओव्हरसाइज (०.२५ की ०.५० मिमी), क्रँक किती ग्राइंड केला, बेअरिंग कोणत्या साइजचे. क्रँक ०.२५ मिमी घासून स्टँडर्ड बेअरिंग टाकले, की गॅप वाढतो आणि इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला ऑइलचा दिवा लागतो. सिलिंडर वरच्या रिंगेपाशी जास्त झिजतो, म्हणून बोअर गेजनं वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं माप घ्यायला सांगा. होनिंगच्या (सिलिंडर आतून बारीक घासण्याच्या) तिरप्या रेघा नसतील तर रिंगा बसत नाहीत, निळा धूर येतो. सगळ्यात वाईट चूक म्हणजे ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग न उघडता ब्लॉक धुणं : आत राहिलेला लोखंडाचा कीस पहिल्याच स्टार्टला ऑइलबरोबर बेअरिंगमध्ये जातो.

कंपनीचा शॉर्ट ब्लॉक (क्रँक-पिस्टनसह इंजिनाचा खालचा भाग) घेतला तरी हेड, पंप, इंजेक्टर जुनेच राहतात. ब्लॉक बदलला तर मात्र इंजिन नंबर बदलतो : आधी आरटीओची परवानगी घ्या आणि काम झाल्यावर १४ दिवसांत आरसीवर नोंद करून घ्या. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी नंबर जुळणार नाही.