टाकळा, तरोटा आणि तरवड

कोथरूडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: 'पावसाळ्यात मुळशीकडून येणाऱ्या मावशी जिला टाकळा म्हणतात, त्याच भाजीला माझ्या वर्ध्याच्या सासूबाई तरोटा म्हणतात. दोन्ही एकच का? आणि तरवड म्हणजेही हेच का?'

टाकळा आणि तरोटा एकच. इकडे आणि कोकणात टाकळा, विदर्भात तरोटा, गोव्यात टायकिळो. यातला कुठलाही शब्द 'अशुद्ध' नाही; सासूबाईंना तरोटाच म्हणू द्या.

तरवड मात्र निराळा. दोघे भाऊबंद, फुलं दोघांचीही पिवळी, म्हणून घोटाळा होतो. तरवडाचं झुडूप पुण्याच्या टेकड्यांवर वर्षानुवर्षं उभं असतं. त्याची साल कातडी कमवायला वापरत आणि फुलं नवरात्रात घटाच्या माळेत जातात. टाकळा पहिल्या पावसाबरोबर उगवतो आणि पाऊस सरल्यावर वाळून जातो. पान हातात घ्या: टाकळ्याला पर्णिकांच्या, म्हणजे एका देठावरच्या छोट्या पानांच्या, तीनच जोड्या, टोकाकडे रुंद, तरवडाला आठ-दहा तरी. टाकळ्याचं पान चुरडलं की उग्र वास येतो आणि अंधार पडला की त्याच्या पर्णिका मिटतात.

संस्कृतात याला चक्रमर्द म्हणतात, दद्रुघ्नही. दद्रु म्हणजे गजकर्ण, नायटा. अंगावर उठणारी ती गोल चकंदळं मोडणारा तो चक्रमर्द. बी आंबट ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून लेप लावायची जुनी रीत याच नावाला धरून आहे. अर्थात चट्टा पसरत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडेच जावं.

भाजी करायची ती फुलं येण्याआधीच्या कोवळ्या पाल्याची. पाला जून झाला की कडवटपणा काही केल्या जात नाही. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, वरून ओलं खोबरं; मला विचाराल तर याहून जास्त मसाला घालूच नये, त्याची चव मारली जाते. पोटाला ही भाजी सारक आहे, तेव्हा पहिल्यांदा खाणाऱ्याने बेतानेच घ्यावी. पुढे वीतभर लांब, बारीक शेंगा धरतात. त्यांतलं बी भाजून, दळून कॉफीसारखंही पितात.

पुणेकरांनी टाकळा जपावा याला आणखी एक कारण आहे. गाजरगवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९५०च्या दशकात, पुण्यातच. त्याला हटवायला पडीक जागेत तरोट्याचं बी फेकायचा सल्ला कृषी शास्त्रज्ञ देतात, कारण तरोटा दाट माजला की गाजरगवताला जागाच उरत नाही. सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत तण काढायला माणूस लावाल तेव्हा तीन जोड्यांची ती रोपं त्याला आधी दाखवून ठेवा.