थंडीत गाडी सुरू करताना: वाचकांच्या शंका

गारठा वाढला की पत्रांत त्याच त्या शंका येतात. या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न : निफाडला राहतो. २०२१ची डिझेल गाडी आहे. वडील सांगतात म्हणून पहाटे दहा मिनिटं जागेवर चालू ठेवतो, मधूनमधून रेसही देतो. बरोबर ना?

उत्तर : नाही. वडिलांचा हात कार्बोरेटरच्या गाडीवर बसलेला असावा. चोक ओढून इंजिन जरा तापवलं नाही, तर ती बंद पडायची. आता इंधन किती सोडायचं ते सेन्सर बघून कॉम्प्युटर ठरवतो. गाडी सुरू करा, ऑइलचा लाल दिवा विझला का बघा, अर्ध्या मिनिटात निघा. पहिले चार-पाच किलोमीटर दामटू नका, बस. जागेवर उभं इंजिन, त्यातही डिझेल, फार सावकाश तापतं, आणि तोवर काजळी जास्त होते. तुमच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांतल्या) गाडीला ही काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आहे. साचलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट साधारण सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो. दारात घुरघुरणारी गाडी एरवी तिथवर पोचत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि कुणीतरी ‘फिल्टरच काढून टाकू, कटकट नको’ म्हणतो. त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका. दिवा दिसताच अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा. महिनाभर तसंच चालवून येणारे मला रोज भेटतात. थंड इंजिनला रेस देणं तर त्याहून वाईट. ऑइल घट्ट असतं, ते नीट पोचायच्या आतच टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, जोरात फिरायला लागतो. शेड बंद करून गाडी तापवत असाल तर आजच थांबवा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो.

प्रश्न : सेल्फ मारताना क्लच दाबावा का?

उत्तर : हो, नेहमी. आणि गाडी न्यूट्रलला.

प्रश्न : डिझेल गाडीत किल्ली फिरवली की पिवळ्या कॉइलची खूण येते. थांबायलाच हवं का?

उत्तर : ती विझेपर्यंत थांबा. हीटर प्लग तापत असतात. खूण विझूनही गाडी उशिरा लागत असेल, तर प्लग तपासून घ्या.

प्रश्न : सकाळी सेल्फ दमल्यासारखा फिरतो, दुपारी ठीक. गॅरेजवाला इंजिन फ्लश आणि पेट्रोलमध्ये टाकायची बाटली घ्या म्हणतो.

उत्तर : बाटलीनं सेल्फ जोरात फिरत नाही. थंडीत बॅटरीची ताकद घटते, ऑइल घट्ट होतं, म्हणून म्हातारी बॅटरी सकाळीच उघडी पडते. रात्रभर उभ्या गाडीत मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवं, १२.२ असेल तर ती निम्मी उतरली आहे. इंजिन चालू असताना साधारण १४ दिसायला हवेत, नाहीतर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा असू शकतो. आधी टर्मिनलवरची पांढरी बुरशी साफ करून घ्या आणि लोड टेस्ट, म्हणजे भार देऊन बॅटरीची तपासणी, करायला सांगा. आकडे न दाखवता नवी बॅटरी विकणाऱ्याला नमस्कार करा. तोवर एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धं मिनिट जाऊ द्या.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होते का?

उत्तर : नाही. जंपर केबल लावा. शेवटची काळी चिमटी उतरलेल्या बॅटरीवर नाही, इंजिनच्या उघड्या धातूवर लावायची. मॅन्युअललाही धक्का वारंवार नको; न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो महागात पडतो.

प्रश्न : जानेवारीत डिझेल गाडीनं लेहला जातोय. काही वेगळं?

उत्तर : हो. साधं डिझेल तिथे मेणासारखं गोठतं. इंडियन ऑइलनं २०१९मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं, ते भरा. कूलंटमध्ये नुसतं नळाचं पाणी असेल तर निघूच नका. ऑइलची ग्रेड माहितीपुस्तिकेत बघून सर्व्हिस सेंटरला विचारा, आणि हे निघायच्या आदल्या दिवशी नको.