ढगफुटी, अतिवृष्टी, मुसळधार: कुठे कोणता शब्द?

दादरच्या एका वाचकांचा प्रश्न: जोराचा पाऊस पडला की बातम्यांत 'ढगफुटी' येते. अतिवृष्टी, अतिमुसळधार आणि ढगफुटी यांत फरक काय? आणि 'तापमानवाढीमुळे मुंबईत ढगफुटी वाढल्या' हे वाक्य बरोबर आहे का?

आधी ढगफुटी. हवामान खात्याच्या लेखी साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात 100 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडला तर ती ढगफुटी. म्हणजे या शब्दाला घड्याळ आणि नकाशा दोन्ही लागतात. दिवसभरात 200 मिलिमीटर पडले, एवढ्यावरून ढगफुटी झाली असे म्हणता येत नाही. तासातासाची नोंद पाहावी लागते.

'मुसळधार'ची मोजणी 24 तासांची. 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे मुसळधार, 204.4 पर्यंत अतिमुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. हे 24 तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीचे साडेआठ असे धरतात. त्यामुळे पहाटे सुरू होऊन दुपारपर्यंत चाललेला पाऊस दोन दिवसांच्या खात्यांत विभागला जातो आणि आकडा अनुभवापेक्षा लहान दिसतो.

'अतिवृष्टी' सगळ्यांत जुना शब्द. संस्कृतात पिकांवरच्या संकटांना 'ईती' म्हणत. त्यांत अतिवृष्टी आणि अनावृष्टी शेजारी शेजारी येतात, टोळ आणि उंदरांच्या पंगतीत. महसूल खात्याने हा शेतीचा धागा सोडलेला नाही. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी, आणि मग पिकांचे पंचनामे.

मुंबईत मात्र हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर पाणी. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधली होती. सुधारणा योजनेत ही क्षमता 50 वर नेण्याचे ठरले. 65 मिलिमीटर दिवसभर संततधारेने पडले तर निचरा होतो. तेच तासाभरात आले, त्यात भरती असली, तर समुद्राकडची मुखे पाण्याखाली जातात आणि दादरजवळचा हिंदमाता हा सखल भाग तुंबतो. म्हणून मुंबईबद्दल लिहिताना मिलिमीटरच्या मागे 'इतक्या तासांत' हे शब्द जोडलेच पाहिजेत.

ठिकाणही हवे. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला 944 मिलिमीटर नोंदले गेले, तर कुलाब्याला 75 सुद्धा नाही. 'मुंबईत 944' हे वाक्य अर्धे शहर चुकवते. त्या पावसाला सर्रास ढगफुटी म्हणतात, पण तो अनेक तास आणि विस्तृत पट्ट्यात कोसळला. ढगफुटी हा शब्द त्याला तोकडा पडतो. मी तिथे अतिवृष्टीच लिहीन.

आता तापमानवाढ. हवा 1 अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. पाऊस पाडणारी स्थिती जुळली की हे जादा बाष्पही खाली येते. मध्य भारताच्या 1951 ते 2000 च्या नोंदींत अतिजोराच्या पावसाच्या घटना वाढलेल्या, मध्यम पावसाच्या घटलेल्या, आणि हंगामाची सरासरी जवळपास जागेवर आढळली. म्हणून 'पाऊस वाढला' हे क्रियापद इथे फसवे आहे. 'पाऊस एकवटू लागला' हे मला जास्त नेमके वाटते: झड कमी, सरी दांडग्या.

ढगफुटीचा दीर्घकालीन कल दाखवायला मात्र बऱ्याच ठिकाणांच्या तासावार नोंदी अनेक दशकांच्या लागतात. रोज एकदा वाचलेल्या पर्जन्यमापकावरून तो निघत नाही. 'ढगफुटी वाढल्या' ऐवजी 'अतिजोराच्या पावसाचे दिवस वाढले' असे लिहावे, आणि सोबत प्रदेश, वर्षे व मर्यादा द्यावी.

जाता जाता, 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस' याचा अर्थ आता शंभर वर्षे सुटका असा नाही. दर वर्षी 1 टक्का शक्यता, म्हणजे 30 वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के. तीही जुन्या हवामानाच्या नोंदींवर बेतलेली.